दादा कोंडके: तमाशातल्या हवालदाराला पडद्यावरचा 'पांडू' करणारा माणूस

हॉलिवूडवाल्यांची एक जुनी सवय आहे. टीव्हीवर गाजलेली, एकदम गंभीर चेहऱ्याची पोलिसी मालिका घ्यायची, काही वर्षं जाऊ द्यायची आणि मग तिचा विनोदी सिनेमा काढायचा. 'ड्रॅगनेट' ही अमेरिकन मालिका १९५१ मध्ये टीव्हीवर आली, १९८७ मध्ये तिचा कॉमेडी पिक्चर झाला. 'स्टार्स्की अँड हच' १९७५ मध्ये सुरू झाली, २००४ मध्ये तिच्यावर हसवणारा सिनेमा आला. '२१ जंप स्ट्रीट' या मालिकेचंही २०१२ मध्ये तेच झालं.

आता यातलं १९७५ हे साल लक्षात ठेवा. अमेरिकेत स्टार्स्की आणि हच टीव्हीवर गाडी पळवायला लागले, त्याच वर्षी इकडे मराठी पडद्यावर एक पोलीस आला. त्याच्याकडे गाडी नव्हती. अर्धी चड्डी होती, हातात दंडुका होता आणि चेहऱ्यावर असा भाव होता की याला कुणीही गंडवावं. सिनेमाचं नाव 'पांडू हवालदार'. हिरो दादा कोंडके, निर्माता दादा कोंडके आणि पहिल्यांदाच दिग्दर्शकही दादा कोंडके.

मग पांडू हवालदार कुठल्या मालिकेवरून आला? तर मालिकेवरून नाहीच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि ते दिसायचं मुंबई-पुण्याच्या आसपास. आपल्या वाशिमकडे तेव्हा टीव्ही बघितलेला माणूस शोधावा लागला असता. पण टीव्ही नव्हता म्हणून पोलिसाची गोष्ट नव्हती असं थोडंच आहे. ती तमाशाच्या फडात होती, वगात होती. राजा, प्रधान, कोतवाल आणि हवालदार ही मंडळी मराठी माणूस टीव्ही यायच्या कितीतरी आधीपासून रात्र-रात्र जागून बघत होता. पांडू तिथून आला. आणि त्याला तिथून उचलून आणणारा माणूस गिरणगावातला होता.

दादांचं खरं नाव कृष्णा कोंडके. जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईत नायगावच्या चाळीतला. मूळ गाव भोरजवळचं इंगवली. घरातली माणसं गिरणीशी बांधलेली आणि आजूबाजूची वस्तीही गिरणी कामगारांचीच. पोरगा अभ्यासात रमणारा नव्हता. सोड्याच्या बाटल्या आणि दगडविटांच्या मारामाऱ्यांत तो पुढे असायचा, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगून ठेवलंय. म्हणजे ज्यानं पुढे महाराष्ट्राला सगळ्यात प्रसिद्ध हवालदार दिला, तो लहानपणी हवालदार दिसला की गल्ली बदलणाऱ्यांतला.

मोठेपणी 'अपना बाजार'मध्ये नोकरी लागली, पगार महिना ६० रुपये. बाकीचा वेळ बँडमध्ये जायचा. नायगाव-लालबागमध्ये लोक त्यांना बँडवाले दादा म्हणूनच ओळखायचे. याच दरम्यान घरातली जवळची माणसं एकापाठोपाठ एक गेली. त्या धक्क्यानं दादा बरेच दिवस कुणाशी बोलेनासे झाले होते. पुढे अनिता पाध्ये यांनी त्यांचं आत्मचरित्र शब्दांत उतरवलं, त्याचं नाव 'एकटा जीव' आहे. दादांच्या सिनेमांची नावं आठवा आणि मग हे नाव वाचा, जरा थांबायला होतं.

बँडमधून सेवादलाचे सांस्कृतिक कार्यक्रम, तिथून शाहीर साबळे यांच्यासारख्या मंडळींचा सहवास आणि मग स्वतःची पार्टी, असा प्रवास झाला. 'खणखणपूरचा राजा' या लोकनाट्यात दादांना वसंत सबनीसांनी पाहिलं. दादांनी सबनीसांकडे आपल्यासाठी काहीतरी लिहून मागितलं. सबनीसांचा 'छपरी पलंगाचा वग' आधीच लिहिलेला होता. त्याला नवं रूप मिळालं आणि १९६५ मध्ये रंगभूमीवर आलं 'विच्छा माझी पुरी करा'.

आता 'विच्छा'ची गोष्ट नीट समजून घेऊया, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एका राज्यातला कोतवाल मरतो. जागा रिकामी होते. हवालदाराला वाटतं, इतकी वर्षं दंडुका आपटला, आता नंबर आपला. पण प्रधान आपल्या नात्यातल्या माणसाला आणून कोतवालाच्या खुर्चीत बसवतो. हवालदार हात चोळत बसत नाही. त्याची मैत्रीण मैनावती ही नाचणारी, नवा कोतवाल तिच्यावर भाळलेला. ती कोतवालाकडे हट्ट धरते की मला राजाचा छपरी पलंग आणून दे. प्रेमात आंधळा झालेला कोतवाल राजाचाच पलंग चोरायला निघतो आणि अलगद सापळ्यात सापडतो.

थोडक्यात काय, तर हे प्रमोशन हुकलेल्या एका पोलिसाचं नाटक आहे. साहेबानं स्वतःचा माणूस बसवला म्हणून डावलला गेलेला कर्मचारी. सरकारी नोकरीत असलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. खात्यात आजही हा विषय संपलेला नाही. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला निवृत्तीच्या आधी फौजदार होता यावं म्हणून २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मधला पोलीस नाईक हा टप्पाच काढून टाकला. सबनीसांचा हवालदार त्याच रांगेत ५७ वर्षं आधी उभा होता.

जाता जाता एक गंमत. शिवकाळात किल्ल्यावर तीन मुख्य अधिकारी असायचे, हवालदार, सबनीस आणि सरनोबत. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे. तेव्हाचा हवालदार म्हणजे गडाचा मुख्य माणूस, चौकातला शिपाई नव्हे. इंग्रजांच्या पलटणीत आणि नंतर पोलीस खात्यात येता येता या शब्दाची पत घसरली. आणि त्या घसरलेल्या हवालदाराची कैफियत लिहिली ती सबनीस आडनावाच्या माणसानं. हा निव्वळ योगायोग आहे, पण छान आहे.

'विच्छा'मध्ये हवालदार झाले दादा, मैनावती झाल्या उषा चव्हाण, सोबत राम नगरकरांसारखा कसलेला नट. नाटकाचे १५०० च्या वर प्रयोग झाले. हिंदीतही ते 'सैंया भये कोतवाल' या नावानं गेलं आणि तिकडेही खूप चाललं.

पण हा आकडा आला कुठून? गोष्ट तर पहिल्या दिवशीच सगळ्यांना कळली होती.

इथे तमाशाचा साचा समजून घ्यावा लागतो. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गौळण, त्यात राधा-कृष्ण-पेंद्याची छेडछाड. मग बतावणी, म्हणजे गप्पा, कोट्या, टोमणे. आणि मग वग, म्हणजे मुख्य गोष्ट. सबनीसांनी हा साचा शहरी नाट्यगृहात आणला आणि दादांनी त्यातली बतावणी नाटकभर पसरवली. त्या दिवशीच्या पेपरात जे आलं असेल, ते संध्याकाळी हवालदाराच्या तोंडून बाहेर पडायचं. मंत्री, पक्ष, महागाई, गावातला स्थानिक पुढारी, कुणीही सुटायचं नाही. त्यामुळे सोमवारचा 'विच्छा' आणि शनिवारचा 'विच्छा' वेगळा असायचा. लोक दुसऱ्यांदा यायचे ते हवालदार आज काय बोलतो हे ऐकायला. आजच्या स्टँडअपवाल्यांना जे जमतं म्हणून आपण टाळ्या वाजवतो, ते हा माणूस १९६० च्या दशकात पोलिसाची टोपी घालून करत होता.

या हवालदाराचं हसू कुठल्या दिशेला जायचं ते बघा. वरच्या दिशेला. राजाकडे, प्रधानाकडे, कोतवालाकडे. हवालदार अडाणी वाटायचा, पण सगळ्यात हुशार तोच असायचा.

'विच्छा'चा प्रयोग आशा भोसले यांनी पाहिला आणि भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं. भालजींनी १९६९ च्या 'तांबडी माती'मध्ये त्यांना घेतलं. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे भालजींच्याच सल्ल्यानं दादा निर्माते झाले आणि १९७१ मध्ये आला 'सोंगाड्या'. लेखक वसंत सबनीस, दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, नायिका उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला, शिवाय निळू फुले आणि गणपत पाटील.

'सोंगाड्या'ची थिएटरची भानगड तुम्ही ऐकली असेलच. दादरच्या कोहिनूर थिएटरनं ठरलेला 'सोंगाड्या' बाजूला ठेवून देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरवलं. दादा बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर पोचले आणि 'सोंगाड्या' लागला. तो धो धो चालला. दादा आणि शिवसेना हे नातं तिथून सुरू झालं आणि पुढे प्रचारसभांपर्यंत गेलं. यावर हजार वेळा लिहून झालंय, म्हणून आपण पुढे जाऊ.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. हातात १५०० प्रयोगांचं हुकमी नाटक, लेखक सोबत, नायिका सोबत आणि पैसा लावायची तयारी. कुठल्याही निर्मात्यानं काय केलं असतं? तेच नाटक कॅमेऱ्यासमोर उभं केलं असतं. दादांनी निर्माता म्हणून पहिला सिनेमा केला तो मात्र वेगळ्याच गोष्टीवर, तमाशाच्या नादी लागलेल्या भोळ्या नाम्याच्या गोष्टीवर. त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव' (१९७२) आणि 'आंधळा मारतो डोळा' (१९७३) आले. हवालदार चार वर्षं थांबला.

मला वाटतं यामागे सरळ हिशेब होता. 'विच्छा'ची जान होती रोज बदलणाऱ्या बतावणीत, आणि सिनेमाची रीळ एकदा कापली की बदलत नाही. त्यात त्या काळचं वितरण बघा. आजच्यासारखा सिनेमा एका शुक्रवारी सगळीकडे लागायचा नाही. मोजक्या प्रिंट निघायच्या. आधी मुंबई-पुणे, मग बाकीचा पश्चिम महाराष्ट्र. विदर्भ सिनेमाच्या धंद्यात 'सीपी-बेरार' या वेगळ्या सर्किटमध्ये मोडायचा आणि त्याचा कारभार चालायचा अमरावती-भुसावळकडून. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. कारंजा, रिसोड, मंगरूळपीरपर्यंत पेटी पोचेस्तोवर मुंबईत पिक्चर जुना झालेला असायचा. अशा वेळी कालच्या पेपरवरचा विनोद सहा महिन्यांनी कुणाला कळणार? मंत्रीसुद्धा बदललेला असायचा.

मग शिळी न होणारी बतावणी कुठून आणायची? दादांचं उत्तर सगळ्या महाराष्ट्राला माहितीये. द्वयर्थ. वाक्य साधं, शब्द साधे, अर्थ दोन. दुसरा अर्थ नट बोलतच नाही, तो प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो. तिथे पेपर वाचलेला असायची गरज नाही, आणि मुंबईच्या माणसाला जे कळतं ते वऱ्हाडातल्या माणसालाही कळतं. गौळणीत पेंद्या आणि मावशी हेच करत होते. दादांनी ते उचललं आणि सिनेमाच्या नावापासून गाण्यांपर्यंत पसरवलं. सेन्सॉरवाले वैतागायचे, कारण कापायला गेलं तर कागदावर वाईट शब्द एकही सापडायचा नाही. दादांना अश्लील म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. पुढच्या काही सिनेमांत गोष्ट पातळ होत गेली आणि फक्त कोट्या उरल्या. पण सुरुवात केवळ चावटपणासाठी झाली असं म्हणणंही खरं नाही. रोजचं नाटक रिळात भरताना जे गळून गेलं, त्याची जागा भरायला काहीतरी लागणारच होतं.

पांडू येतो

१९७५ मध्ये दादा दिग्दर्शनात उतरले आणि तेव्हा त्यांनी हवालदाराला पुन्हा हाक मारली. 'विच्छा'तला राजा गेला, प्रधान गेला, पलंग गेला. राहिला फक्त हवालदार. आणि त्यालाही दादांनी पार बदलून टाकला.

नाटकातल्या हवालदाराला कोतवाल व्हायचं होतं. पांडूला काहीच व्हायचं नाहीये. तो प्रामाणिक आहे, भोळा आहे, दिलेली ड्युटी मनापासून करतो आणि त्यामुळेच गोत्यात येतो. मग नाटकातल्या हवालदाराची ती चलाखी, तो बेरकीपणा गेला कुठे? तो गेला दुसऱ्या हवालदाराकडे, सखारामकडे. सखाराम हप्ते घेणारा, बनेल, पांडूच्या बरोबर उलटा. म्हणजे एका पात्राचे दोन तुकडे केले, साधेपणा एकाला आणि लबाडी दुसऱ्याला. मग दोघांना एकाच गणवेशात शेजारी शेजारी उभं केलं. अर्धा विनोद तिथेच तयार झाला.

हा सखाराम केला अशोक सराफ यांनी. ते त्याआधीही सिनेमात दिसले होते, बँकेतली नोकरीही चालू होती, पण महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं ते या लाचखोर हवालदारामुळे. दादांच्या सिनेमात दादांच्या समोर उभं राहून लक्ष वेधून घेणं ही सोपी गोष्ट नव्हती. दादांनीही ती जागा त्यांना दिली, हे लिहिलं पाहिजे. पुढे 'राम राम गंगाराम'मध्ये त्यांनी केलेला म्हमदू खाटीकही तेवढाच गाजला.

नायिका उषा चव्हाण. राजाच्या कोतवालाला नाचवणारी मैनावती इथे झाली पारू केळेवाली. रस्त्यावर केळी विकणारी बाई आणि हवालदार, म्हणजे रोज सकाळी मुंबईच्या कुठल्याही फुटपाथवर होणारं भांडण. दरबार मोडून दादांनी गोष्ट रस्त्यावर आणली ती अशी.

कपड्यांचा योगही जुळून आला. गुडघ्यापर्यंतची चड्डी ही दादांची 'सोंगाड्या'पासूनची ओळख. आणि त्या काळात मुंबईच्या शिपायाच्या गणवेशातही अर्धी चड्डी होती. दुसऱ्या कुठल्या नटाला पोलिसाचा वेष चढवावा लागला असता. दादांना फक्त टोपी आणि पट्टा लागला.

संगीताबद्दल विदर्भातल्या वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. 'पांडू हवालदार'चे संगीतकार राम-लक्ष्मण. यातले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील आणि राम म्हणजे त्यांचे जोडीदार सुरेंद्र. या दोघांना पहिली संधी दादांनी याच सिनेमात दिली. वर्षभरातच सुरेंद्र गेले, पण विजय पाटलांनी जोडीचं नाव सोडलं नाही. ते एकटेच शेवटपर्यंत 'राम-लक्ष्मण' राहिले. 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' ही पुढची गाणी कुणाला सांगायला नकोत. २०२१ च्या मे महिन्यात नागपुरातच त्यांचं निधन झालं. सूरज बडजात्यांच्या त्या गुळगुळीत, घरंदाज सिनेमांचा संगीतकार अर्ध्या चड्डीतल्या हवालदारानं शोधलेला होता, हे आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना अजून खरं वाटत नाही.

पांडू इतका चालला की १९७७ मध्ये दादांनी तो गुजरातीत नेला, 'चंदू जमादार' या नावानं. नाव बदलताना त्यांनी काय केलं बघा. गुजरातीत साध्या पोलिसाला लोक जमादार म्हणतात. मराठीत लोक ज्याला हवालदार म्हणतात, तोच तिकडचा जमादार. म्हणजे तिकडचा प्रेक्षक रोज ज्या नावानं पोलिसाला हाक मारतो, तेच नाव पाटीवर घातलं.

हे तंत्र हॉलिवूडच्या तंत्राशी किती जुळतं ते पाहण्यासारखं आहे. 'ड्रॅगनेट'ही मुळात टीव्हीवर जन्मलेली नव्हती, ती १९४९ मध्ये रेडिओवर सुरू झाली होती. जॅक वेब यांचा फौजदार फ्रायडे कधी हसायचा नाही, तुटक बोलायचा. १९८७ च्या सिनेमात त्याचा तसाच ताठ पुतण्या दाखवला, डॅन अॅक्रॉइडनं केलेला, आणि शेजारी टॉम हँक्सचा ढिला पोलीस दिला. जुन्यातली एकच गोष्ट जशीच्या तशी ठेवायची, बाकी सगळं बदलायचं आणि शेजारी उलट्या स्वभावाचा जोडीदार द्यायचा. दादांनी हे १२ वर्षं आधी केलं होतं. रेडिओ, टीव्ही, सिनेमा ही अमेरिकेची शिडी. वग, लोकनाट्य, सिनेमा ही आपली.

मात्र या बदलात एक गोष्ट हातातून निसटली, आणि ती फक्त सिनेमापुरती राहिली नाही.

नाटकात हसू वर जात होतं, प्रधानाकडे आणि राजाकडे. सिनेमात वरचे सगळे कापले गेले आणि हसू पोचलं थेट हवालदारापाशी. सिनेमात पांडू चांगला माणूस आहे, लाचखोर सखाराम आहे. पण लोकांनी थिएटरबाहेर पडताना नाव उचललं ते पांडूचं, आणि चिकटवलं सरसकट सगळ्या पोलिसांना. आज वाशिमच्या पुसद नाक्यावर उन्हात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला हेल्मेट नसलेलं पोरगं लांबूनच 'पांडू' म्हणून पळतं, तेव्हा त्या पोरानं तो सिनेमा बघितलेला असेलच असं नाही. पोलिसांना मात्र नाव बरोबर कळतं. पोलिसांच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारून बघा, शाळेत हे नाव ऐकलेलं असतंच.

आणि तो काळ काही पोलीस शिपायांसाठी हसण्यासारखा नव्हता. तुटपुंजा पगार, दिवस-रात्रीचा हिशेब नसलेली ड्युटी, साहेबांच्या घरची कामं, गळकी क्वार्टर्स. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला. नेत्यांना अटक झाली, शहरात जाळपोळ झाली, लष्कर बोलवावं लागलं आणि शिपायांच्या संघटनेची मान्यता गेली. गिरण्यांचा संप त्याच वर्षी चालू होता. नायगाव-लालबागच्या चाळींत एका घरी गिरणी कामगार आणि शेजारी शिपाई राहत असे. दादा ज्या चाळीतून आले, तिथली ही दोन्ही घरं त्या वर्षी पेटली होती. पांडूनं खात्यातल्या खालच्या माणसाला पहिल्यांदा हिरो केलं हे खरंच आहे. त्याच सिनेमानं त्याला आयुष्यभराचं टोपणनावही दिलं.

दादांना त्या हुद्द्याची टिंगल करायची होती असं मला तरी वाटत नाही. सिनेमा आज पुन्हा पाहिला तर कॅमेरा सतत पांडूच्या बाजूनं आहे. पण टोपणनाव कुठे जाणार हे ते ठेवणाऱ्याच्या हातात नसतं.

पुढचं आयुष्य भराभर सांगता येईल. 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', 'ह्योच नवरा पाहिजे', 'आली अंगावर', 'मुका घ्या मुका'. सिनेमामागून सिनेमा आणि रौप्यमहोत्सवामागून रौप्यमहोत्सव. ओळीनं नऊ सिनेमे २५ आठवडे चालले म्हणून गिनीज बुकात नाव गेलं. आवाज बहुतेक वेळा महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांचे. हिंदीतही 'तेरे मेरे बीच में', 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' केले, पण मराठीतली जादू तिकडे झाली नाही. कारण भाषेतच आहे. द्वयर्थ भाषांतरात मरतो. हिंदीत दादांच्या वाक्याला एकच अर्थ उरायचा, आणि तो नेमका दुसराच असायचा.

१९८० च्या दशकात घरोघरी टीव्ही आला. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही पोलिसी मालिका लागली, पोलिसांना फोन करायचा नंबर हेच तिचं नाव. त्यात तपास करणारा पोलीस होता, गंभीर आणि धारदार. शिवाजी साटम त्यात होते. तेच साटम २१ जानेवारी १९९८ पासून 'सीआयडी'चे एसीपी प्रद्युम्न म्हणून देशभर पोचले. तोवर सिनेमात महेश कोठारेंचा इन्स्पेक्टर येऊन गेला होता, रुबाबदार, पूर्ण पँटमधला. हवालदार मागे उभा राहून सॅल्यूट मारायला लागला.

'सीआयडी' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १४ मार्च १९९८ ला दादा गेले. हृदयविकाराचा झटका आला, दादरच्या शुश्रूषा रुग्णालयात. वय ६५. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १ जुलैला, वाशिम जिल्हा झाला. म्हणजे दादांचे सगळे सिनेमे इथे लागले ते अकोला जिल्ह्यात असताना.

'विच्छा'तला हवालदार मात्र थांबला नव्हता. विजय कदम यांनी तो रंगमंचावर पुन्हा उभा केला आणि त्यांच्या पद्धतीनं रोजच्या बातम्या त्यात घातल्या. २०२४ मध्ये तेही गेले.

आणि पांडू? ३ डिसेंबर २०२१ ला विजू माने यांचा 'पांडू' थिएटरात लागला, दादांना मानवंदना म्हणून. मुख्य भूमिकांत भाऊ कदम आणि कुशल बद्रिके, सोबत सोनाली कुलकर्णी. भाऊ आणि कुशल दोघंही 'चला हवा येऊ द्या'मधून घराघरात पोचलेले. जो हवालदार वगातून सिनेमात आला होता, त्याला ४६ वर्षांनी नवे नट मिळाले ते टीव्हीवरून.